जन्मतारखेचा रकाना

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला पोलिसांनी नेले, की त्याचे वालिद पहिल्या दिवशी वकिलाकडे जात नाहीत. ते शाळेत येतात. ठाण्यात त्यांना एकच गोष्ट सांगितलेली असते : दाखला आणा. मग प्रश्न येतो, "सर, पोराला बालिग धरतील की नाबालिग?" आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक. जनरल रजिस्टर आमच्या कपाटात असते, म्हणून हा प्रश्नही आमच्याकडेच येतो. पण उत्तर एका शब्दात देता येत नाही. बालिग-नाबालिगची रेषा गेल्या पावणेदोनशे वर्षांत इतक्या वेळा सरकली आहे, की तिचा इतिहास ठाऊक नसेल तर आजचा कायदाही नीट कळत नाही.

मुंबईतले डोंगरी आपल्या लोकांना परके नाही. तिथल्या उमरखाडीच्या तुरुंगात १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. पुढे त्याच तुरुंगाच्या जागेत मुलांचे रिमांड होम आले. त्यामुळे आपल्या घरांतून आजही पोराला दम देताना 'डोंगरीला पाठवीन' म्हणतात. मुलांसाठी वेगळी व्यवस्था आली ती मोठ्यांच्या तुरुंगात, आणि तुरुंगाची सावली तिच्यावरून कधी पुरती हटली नाही.

सुरुवात त्याहून जुनी आहे. १८५० च्या कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना एखाद्या कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून देता येऊ लागले. अनाथ, गरीब आणि किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांच्या बाबतीत मॅजिस्ट्रेटच पालकाच्या जागी उभा राही. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. बगदादहून आलेल्या या यहुदी व्यापाऱ्याच्या घराण्याने पोरांना हातकाम शिकवण्यासाठी पैसा दिला. १८६० च्या दंड संहितेने सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नाही असे ठरवले. सात ते बारा या वयात मुलाला आपल्या कृत्याची समज होती की नव्हती, हे कोर्टाने पाहायचे होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी ही दोन कलमे जशीच्या तशी आहेत; फक्त ८२ आणि ८३ यांच्या जागी २० आणि २१ हे क्रमांक आले.

१८९७ च्या सुधारशाळा कायद्यात पंधरा वर्षांखालच्या मुलग्यांना तीन ते सात वर्षे डांबून ठेवण्याची सोय होती. त्याच साली गुन्हेगार जमाती कायद्यात दुरुस्ती झाली आणि चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून काढून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. चार वर्षांचे मूल! या काळातल्या सगळ्या कायद्यांत आईबाप दिसतात ते एक तर गुन्ह्याचे कारण म्हणून, नाही तर अडथळा म्हणून. त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पोलिसांसमोर आपला माणूस आजही जो आवाज काढत नाही, त्याची मुळे आम्हांला इथे दिसतात.

१९१९-२० च्या जेल कमिटीने मुलांसाठी वेगळी कोर्टे असावीत असे सुचवले. मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबई इलाख्याने १९२४ साली बालकांचा कायदा केला. १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. १९४८ च्या मुंबई कायद्याने सोळा वर्षांखालचे ते बालक असे मानले. तरीही देशभर मुले मोठ्यांच्या तुरुंगांत पडून होती. पत्रकार शीला बर्से यांनी हा विषय सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ च्या त्या खटल्यात न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नका असे बजावले आणि सबंध देशासाठी एक कायदा असावा असेही म्हटले. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम झाला आणि २ ऑक्टोबर १९८७ ला तो अमलात आला. मुलगा सोळापर्यंत, मुलगी अठरापर्यंत, अशी तेव्हाची रेषा होती. १ एप्रिल २००१ पासून दोघांनाही अठरा झाले. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर वारे फिरले. १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या कायद्याने, सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर आधी मंडळाने प्राथमिक पाहणी करायची आणि मग हवे तर त्याला मोठ्यांप्रमाणे चालवायचे, अशी वाट उघडली.

इथे आपल्या लोकांचा एक घोळ होतो. फिकहमध्ये बुलूग ही शरीराची गोष्ट आहे, रुश्द ही समजेची. सूरह निसामध्ये यतीमांची मालमत्ता त्यांच्या हाती देण्याआधी दोन्ही पाहायला सांगितले आहे. पण फौजदारी कायद्याला या देशात आपला पर्सनल लॉ कधीच विचारत नाही. पंधरा-सोळाच्या पोराचे वालिद ठाण्यात "पोरगा बालिग झाला, कमावता आहे" असे मोठ्या अभिमानाने सांगतात, तेव्हा आपण पोराचेच नुकसान करतो आहोत हे त्यांच्या ध्यानात नसते.

मग वय ठरते कशाने? गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचे वय धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००५ साली प्रताप सिंग खटल्यात पक्के केले. पुरावा कोणता, हे आजच्या कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे. आधी शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचे प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी, आणि तिथे डॉक्टर सांगतात तो अंदाजच असतो. आधार कार्डाचे या कलमात नावही नाही. ते जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे मुलाच्या बाबतीत शाळेचा कागद ग्रामपंचायतीच्याही आधी येतो.

त्या कागदाचे वजन किती, हे पुण्याच्या एका खटल्याने दाखवले. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरातल्या सात जणांचा खून झाला. त्यांत लहान मुले आणि एक गर्भवती बाईही होती. गुन्हा असा, की कोणाचेही रक्त खवळावे. राजस्थानातून आलेल्या एका आरोपीचे वय वीसच्या आसपास लिहिले गेले, १९९८ साली त्याला फाशी सुनावली गेली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच्या गावच्या शाळेच्या नोंदीत मात्र जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ होती, म्हणजे घटनेच्या दिवशी वय साडेबारा. नाबालिग असल्याचा दावा खटला संपल्यावरही करता येतो, ही २००६ च्या दुरुस्तीने दिलेली सवलत. तिच्या आधारे त्याने अर्ज केला. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली. कोर्टातले नाव आणि शाळेतले नाव यांचा मेळ नव्हता. माणूस तोच की दुसरा, यावर बराच खल झाला. शेवटी २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेची नोंद मान्य करून त्याला सोडले. तोवर अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता. कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते.

नावाचा मेळ! हे वाचताना आमच्या रजिस्टरांची पाने डोळ्यांसमोर येतात. उर्दूत एक नाव, मराठी दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. मोहम्मद, महंमद, मो.; शेख कधी नावाआधी, कधी नंतर; वालिदच्या नावाच्या जागी आडनाव. आणि जन्मतारीख? महाराष्ट्रातल्या हजारो माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळा जूनमध्ये उघडते आणि घरी तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. पहिलीत घ्यायला सहा पूर्ण हवेत, म्हणून साडेपाचचे मूल सहाचे दाखवले जाई. त्या दिवशी सगळे खूश असतात. पण तेच मूल साडेसतराचे असताना भांडणात सापडले, तर कागदावर अठराचे निघते आणि त्याला भिवंडीच्या निरीक्षणगृहाऐवजी मोठ्यांच्या तुरुंगाची वाट दाखवली जाते. तारीख चुकली असेल तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. शाळा सुटल्यावर ते फार अवघड होते. उशिराच्या जन्मनोंदणीवर विसंबण्यात आता अर्थ नाही. मालेगावच्या अशा दाखल्यांची २०२५ साली विशेष पथकाकडून चौकशी सुरू झाल्यापासून ते मिळणे राज्यभर कठीण झाले आहे, आणि त्याची झळ कोणाला लागते हे वेगळे सांगायला नको. आणखी एक सांगतो. शाळा सोडल्याचा नुसता दाखला पुरेसा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तामिळनाडूच्या एका खटल्यात म्हटले आहे. म्हणून पालकांनी शाळेकडे जन्मतारखेचा दाखला म्हणूनच वेगळा मागावा.

आता ठाण्यातल्या पहिल्या रात्रीविषयी. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, त्याच्याकडून जबाबावर सही घेता येत नाही. आईबापांना कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यायचे. शहापूरला कोर्ट आहे, मुरबाडला आहे. पण पोराचे प्रकरण जाते भिवंडीला. टोकावडे किंवा कसाऱ्याकडच्या माणसाला प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे मोजावे लागते. मंडळ बसलेले नसेल तर एका सदस्यापुढेही मूल हजर करता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. जामीन हा इथे नियम आहे. गुन्हा लहान की मोठा, यावर तो अडत नाही. सुटल्यावर मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असे सबळ कारण असेल तरच तो नाकारता येतो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.

'३०७ लागलाय, आता मोठ्या कोर्टात जाणार' असे सांगून घाबरवणारे दलाल तालुक्याच्या गावी भेटतात. खुनाचा प्रयत्न हे कलम आज १०९ आहे. अतिगंभीर गुन्हा म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो. या गुन्ह्याला सर्वसाधारणपणे कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान सात वर्षांची अट नाही, आणि असे गुन्हे अतिगंभीर धरू नयेत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले आहे. पॉक्सोचे मात्र तसे नाही. २०१२ च्या या कायद्यात मुलीची संमती अठरापर्यंत धरलीच जात नाही. सतरा वर्षांची दोघे घरातून पळाली, तर मुलगी पीडित आणि मुलगा आरोपी ठरतो.

आणि मोटारसायकल. आसनगाव स्टेशनवर किंवा मुरबाडच्या एमआयडीसीत सोडायला बापच पोराच्या हाती किल्ली देतो. २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९क प्रमाणे, नाबालिगाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. १९ मे २०२४ च्या पुण्यातल्या मोटार अपघातानंतर मुलाला निबंध लिहायला सांगितले म्हणून गहजब झाला, तो सगळ्यांच्या लक्षात राहिला. बाप अटकेत गेला, हे कमी जणांच्या लक्षात आहे.

मंडळ परिवीक्षा अधिकाऱ्याकडून सामाजिक तपासाचा अहवाल मागवते. तो अधिकारी घरी येतो, शाळेतही येतो. मुलगा कसा आहे, हजेरी कशी, संगत कोणाची, हे तो आम्हांला विचारतो, आणि आमचे शब्द त्या अहवालात जातात. प्रकरण मंडळापुढेच निकाली निघाले तर कलम २४ प्रमाणे त्या मुलावर पुढे कसलाही डाग राहत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर कागदपत्रे नष्ट करायची असतात. चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनीही संपलेले प्रकरण उघड करायचे नाही. मुलाचे नाव, शाळा, फोटो छापणे किंवा मोबाईलवर फिरवणे हा गुन्हा आहे. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपलाही तो लागू आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो. अशा मुलाच्या दाखल्यावर तिथे काय लिहायचे, असे काही मुख्याध्यापक विचारतात. वर्गातली वर्तणूक चांगली असेल तर 'चांगली' असेच लिहायचे. भिवंडीच्या मंडळापुढे काय झाले, हे त्या रकान्यात येत नाही.