विहिरीवरचं इंजिन आणि दोन सिलिंडरवरची गाडी

आमच्या सुप्यात एमआयडीसी आली, जपानी कंपन्यांसाठी वेगळी जागा राखली गेली, पोरं कामाला लागली. पण माझ्या पिढीला इंजिन कळलं ते विहिरीवर.

परवा मित्राच्या नव्या गाडीतून नगरला गेलो. चाकणला बनलेली, दीड लिटरची. सपाट रस्त्याला पाय हलका केला की समोर दिसायचं, चारपैकी दोनच सिलिंडर चालू. "काही जाणवतं का?" मित्रानं विचारलं. खरंच जाणवत नव्हतं. आणि तेच मला खटकत राहिलं, कारण हादरा बसायला पाहिजे होता.

हिशोब साधा आहे. चार सिलिंडर असले की दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का मिळतो. मधले दोन बंद केले की पूर्ण फेऱ्याला एक. गाडीला ताकद तेवढीच लागते, म्हणजे प्रत्येक धक्का दुप्पट.

विहिरीवर तर एकच सिलिंडर, दोन फेऱ्यांत एक धक्का. तरी पंपाचं पाणी एकसारखं पडायचं. कारण ती दोन जड चाकं. धक्का बसला की फ्लायव्हील ताकद साठवणार, पुढच्या तीन स्ट्रोकला परत देणार. आमचे आण्णा डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल मारायचे. व्हॉल्व्ह उघडा, सिलिंडर मोकळा. चाकानं वेग धरला की खटका पाडायचा, मग पुक पुक सुरू! साताऱ्याच्या कूपरनं १९३३ मध्ये देशातलं पहिलं डिझेल इंजिन बनवलं असं मानतात. १९४६ ला पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. आमच्या बऱ्याच मळ्यांत मोट सुटली ती विजेच्या आधी, अशा इंजिनांमुळं.

गरज नसेल तेव्हा धक्का चुकवायची युक्तीही जुनीच. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन शेतीइंजिनांत वेग वाढला की गव्हर्नर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा धरायचा. इंधन बंद, चाक आपलं फिरतंय. मोटारीत मात्र ती फसली. १९८१ ला कॅडिलॅकनं आठाचे सहा आणि सहाचे चार सिलिंडर होणारं इंजिन आणलं. त्या काळचा कॉम्प्युटर मंद, गाडी झटके द्यायची. लोकांनी वायरी काढून टाकल्या. वर्षभरातच बहुतेक मॉडेलांतून ते गेलं.

आता कॉम्प्युटर आधी थ्रॉटल उघडून हवा वाढवतो. ताकद एकदम वाढू नये म्हणून तेवढ्यापुरती ठिणगी उशिरा पाडतो. मग दोन सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद, आणि त्याच क्षणी ठिणगी पुन्हा वेळेवर. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं. हलक्या भारावर चौघांनी अर्धवट श्वास घेण्यापेक्षा दोघांनी पूर्ण घेतला की पेट्रोल वाचतं. उरलेली थरथर कोण खातं? फ्लायव्हीलच. बऱ्याच गाड्यांत ते दोन तुकड्यांचं असतं, मध्ये स्प्रिंगा.

पुतण्या आयटीआयला आहे. वहीत फ्लायव्हील सुबक काढलंय, पण हातानं कधी फिरवलेलं नाही. त्याला दाखवावं म्हटलं तर आमचं इंजिन मीच २०११ साली भंगारात घातलं. चाकांच्या वजनाचेच पैसे जास्त आले होते, तेव्हा बरं वाटलं.

सुपा, वाळवणे, रुईछत्रपती, हंगा, कुठंही कुणाच्या विहिरीवर चाकांसकट इंजिन पडलं असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी इथं कमेंटमध्ये कळवा. भंगाराच्या भावानं मी घेतो. चालू करून हायस्कुलात ठेवू. हँडल मारायला पुतण्या तयार आहे.