पाळण्यातले पाय

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. गंमत अशी, की ही म्हण आपण नेहमी उशिरा वापरतो. माणूस मोठा होतो, नाव कमावतो आणि मग शेजारीपाजारी सांगू लागतात, 'आम्हाला तेव्हाच वाटलं होतं.' पण तेव्हा नेमकं काय वाटलं होतं, ते कुणी कागदावर लिहून ठेवलेलं नसतं. त्यामुळे म्हण खरी की खोटी, याचा निकाल काही लागत नाही.

एक जागा मात्र अशी आहे, जिथे हे लिहून ठेवतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये १९६५ सालापासून दरवर्षी शाळा-कॉलेजांतल्या मुलांची पारख होते. कोणत्या संघानं कुणाला कितव्या क्रमांकावर घेतलं, याची नोंद कायम राहते. या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. आपल्या आयपीएलच्या लिलावाशी तिची गल्लत करू नये. इथे बोली लागत नाही. संघ पाळीपाळीनं एकेक नाव घेतात. आधीच्या हंगामात जो तळाला राहिला त्याची पाळी आधी, असा मूळचा नियम. २०२३ पासून पहिल्या काही जागांसाठी सोडत काढतात. एकदा नाव घेतलं, की त्या मुलाशी करार करण्याचा हक्क त्याच संघाचा.

ही पद्धत आली ती पैशांच्या भीतीनं. त्याआधी ज्याच्याकडे पैसा, त्याला मुलगा, असा कारभार होता. १९५० च्या दशकात संघांनी त्यावर एक उपाय काढला. मोठा बोनस घेणाऱ्या मुलाला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं, खालच्या संघात शिकायला पाठवायचं नाही. सँडी कोफॅक्स हा डावखुरा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज, १४ हजार डॉलर बोनस घेऊन ब्रुकलिन डॉजर्समध्ये आला, आणि शिकण्याच्या वयात बराच काळ बाकावर बसून राहिला. त्याचा खरा खेळ लोकांना दिसला तो १९६१ मध्ये. पुढे १९६४ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिक रायकार्टला लॉस एंजेलिस एंजल्सनी २ लाख ५ हजार डॉलर दिले. त्या काळी भल्याभल्या खेळाडूंचाही वर्षाचा पगार एवढा नसे. मालक हादरले आणि पुढच्याच वर्षी ड्राफ्ट आला. गरीब संघांना त्यामुळे न्याय मिळाला, हे खरं. पण कुठे खेळायचं हे निवडण्याचा मुलाचा हक्क त्याच दिवशी गेला, हेही तितकंच खरं.

जून १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. वीस संघ होते. पहिलं नाव निघालं ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या रिक मंडेचं. मंडे पुढे एकोणीस हंगाम खेळला, चांगला खेळला. पण त्या यादीतलं सर्वांत मोठं सोनं खाली पडलं होतं. जॉनी बेंच हा कॅचर छत्तिसावा निघाला. त्याला घेणाऱ्या सिनसिनाटीनंसुद्धा आपली पहिली पाळी दुसऱ्याच मुलावर खर्च केली होती. नोलन रायनचं नाव तर २९४ नावं झाल्यावर आलं. टेक्सासमधल्या आल्व्हिन गावच्या या मुलाचा हात रेड मर्फ नावाच्या स्काउटनं, म्हणजे संघासाठी मुलं पारखणाऱ्या माणसानं, केव्हाच हेरला होता. पण संघाचे वरिष्ठ ज्या दिवशी पाहायला आले, त्या दिवशी रायनचा खेळ बिघडला. साहेबांना तेवढा एकच दिवस दिसला. त्याच रायननं पुढे ५,७१४ फलंदाज बाद केले. तो विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही.

ही पारख करतात तरी कशी? स्काउट पाच गोष्टी पाहतात. चेंडू बॅटवर नीट येतो का, फटक्यात ताकद किती, धाव कशी, झेल-अडवणूक कशी आणि हातात जोर किती. प्रत्येक गोष्टीला वीस ते ऐंशीमध्ये गुण. पन्नास म्हणजे मेजर लीगचा सर्वसाधारण खेळाडू. मेजर लीग ही सर्वांत वरची पायरी; खालच्या मायनर लीगमध्ये मुलं शिकत शिकत वर चढतात. आता मेख अशी, की हे गुण आजच्या खेळाला दिले जातात तसेच उद्याच्या खेळालाही दिले जातात. सतरा वर्षांच्या पोराचे खांदे किती भरतील, उंची अजून किती वाढेल, याचा अंदाज बांधायचा. जुने स्काउट तर चेहरासुद्धा पाहत. 'चेहरा चांगला आहे' हा त्यांच्या बोलण्यातला नेहमीचा शेरा होता.

खिशात घड्याळ असायचंच. १९७४ मध्ये त्यात एक यंत्र आलं. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांनी भरधाव मोटारी पकडणारी पोलिसांची रडार गन पाहिली, आणि चेंडूचा वेगही हिनं मोजता येईल असं त्यांच्या डोक्यात आलं. तेव्हापासून पिचरची पारख आकड्यांत बोलू लागली. २००८ मध्ये ही रडार गन आपल्या देशातही येऊन गेली. 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. ड्राफ्टशी त्यांचा संबंध नव्हता, आणि मेजर लीगपर्यंत दोघंही पोहोचले नाहीत. हातातला वेग खरा होता, पण लहानपणापासून खेळून अंगात मुरलेला खेळ त्यामागे नव्हता. तो मोजायचं यंत्र कुठून आणणार?

नोंदवहीचं दुसरंच पान पाहा. १९६६ मध्ये पहिली पाळी न्यूयॉर्क मेट्सची होती. त्यांनी कॅलिफोर्नियातला शाळकरी कॅचर स्टीव्ह चिलकॉट निवडला. दुसऱ्या क्रमांकावर गेला रेजी जॅक्सन. चिलकॉटचा खांदा पुढच्याच वर्षी झेप घेताना दुखावला आणि तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. जॅक्सननं ५६३ होमरन मारले. रंगावरून आणि मैत्रिणीवरून आपल्याला डावललं गेलं, असं हा कृष्णवर्णीय खेळाडू पुढे सांगत आला. आम्हाला कॅचर हवा होता, असं मेट्सचं म्हणणं. दोन्ही बाजू आपल्यासमोर आहेत. एवढं खरं, की पारखणाऱ्याच्या डोळ्यात त्याचा काळही उतरलेला असतो.

पण मला या इतिहासात सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं ते १९७३ सालचं पान. ह्यूस्टनचा अठरा वर्षांचा डेव्हिड क्लाइड शाळेच्या शेवटच्या वर्षी अठरा सामने जिंकला होता, हरला एकही नव्हता. टेक्सास रेंजर्सनी त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. संघ तळाला होता, स्टेडियम रिकामं पडत होतं. मालक बॉब शॉर्ट यांना गर्दी हवी होती. शाळेतला शेवटचा सामना खेळून महिनाही झाला नव्हता, तोच २७ जूनला क्लाइडला मेजर लीगच्या मैदानात उतरवलं. स्टेडियम भरलं. पोरगं पाच डाव टिकलं आणि सामना जिंकलं. ठरलं असं होतं, की असे दोन सामने खेळवायचे आणि मग त्याला शिकायला खाली पाठवायचं. पण तिकिटं खपत होती. त्याला पाठवलं नाही. पुढे खांदा गेला, मन गेलं. १९७९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याची मेजर लीग संपली. एकूण विजय अठरा. शाळेतल्या एका वर्षात होते तेवढेच. आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी चार वर्षं भरायला सदतीस दिवस कमी पडले.

क्लाइडची पारख चुकली होती का? माझ्या मते नाही. हात खरोखर तसा होता. आपण रत्नपारखी म्हणतो, उर्दूत जौहरी म्हणतात. पण जौहरीचं काम सोपं. हिरा तपासून झाला की तो बदलत नाही. मुलगा बदलतो. त्याची किंमत ठरली की त्या किमतीनंच बदलायला लागतो, आणि तो ज्यांच्या हाती पडतो, त्यांच्या हातांनी घडतो किंवा बिघडतो. त्याच ड्राफ्टमध्ये तिसरा निघालेला रॉबिन यंट पुढच्याच वर्षी, अठराव्या वर्षीच, मिलवॉकीच्या मुख्य संघात खेळू लागला आणि टिकला, मोठा झाला. म्हणजे अठरावं वर्ष सगळ्यांनाच बाधतं, असंही नाही. कुणाला काय पेलेल, हे ज्याचं त्याचं पाहावं लागतं. तेच पाहायला कुणाला सवड नव्हती.

काही वेळा पारख अचूक असते, पण ऐकणारं कुणी नसतं. हॅल न्यूहाउसर हा डेट्रॉइट टायगर्सचा जुना नामांकित पिचर, १९४४ आणि १९४५ असं लागोपाठ दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू. उतारवयात तो ह्यूस्टन ॲस्ट्रोजसाठी मिशिगन राज्यात मुलं पाहत हिंडायचा. कॅलमझू गावच्या डेरेक जीटर या सडपातळ शाळकरी शॉर्टस्टॉपला त्यानं पाहिलं आणि संघाला निक्षून सांगितलं, हाच घ्या. १९९२ मध्ये पहिली पाळी ह्यूस्टनचीच होती. जीटर पैसे जास्त मागेल, या भीतीनं त्यांनी कॉलेजात खेळणाऱ्या फिल नेव्हिनला घेतलं. जीटर सहाव्या क्रमांकावर न्यूयॉर्क यँकीजकडे गेला. न्यूहाउसरनं नोकरी सोडली. आपल्या शब्दाला किंमत नसेल तर त्या जागेवर कशाला राहायचं, एवढा साधा हिशेब. नेव्हिन पुढे इतर संघांकडून बरा खेळला. ह्यूस्टनकडून मात्र जेमतेम अठरा सामने. न्यूहाउसर १९९८ च्या नोव्हेंबरात वारला. तोवर जीटरच्या नावावर दोन विश्वविजेतेपदं लागली होती. पुढे आणखी तीन यायची होती.

डोळे असे फसतात म्हटल्यावर काहींनी डोळेच मिटायचं ठरवलं. ओकलंड संघाचा व्यवस्थापक बिली बीन यात पुढे होता. त्याला कारणही तसंच होतं. १९८० मध्ये मेट्सनी त्याला पहिल्या फेरीत तेविसावा घेतला होता. शरीर, वेग, चेहरा, सगळं पाहणाऱ्याला भुलवणारं. मेजर लीगमध्ये त्याची बॅट चाललीच नाही. स्वतःच फसवा अंदाज ठरलेला हा माणूस पुढे म्हणू लागला, की पोराचं रूप पाहू नका, कॉलेजात त्यानं काय केलं ते आकडे पाहा. मायकेल लुइस यांनी २००३ च्या 'मनीबॉल' या पुस्तकात ही गोष्ट सांगितली. २००२ च्या ड्राफ्टमध्ये ओकलंडनं जेरेमी ब्राउन हा स्थूल कॅचर पस्तिसावा घेतला, तेव्हा जुने स्काउट हसले. ब्राउन मेजर लीगमध्ये पाच सामने खेळला. शाळकरी पिचर घेणं म्हणजे जुगार, असं ओकलंडचं मत होतं. नेमके त्याच वर्षीच्या पहिल्या फेरीतले झॅक ग्रिंकी, कोल हॅमल्स आणि मॅट केन हे तीन शाळकरी पिचर नामवंत झाले. आकडेही डोळ्यांसारखेच. बरंच सांगतात, सगळं सांगत नाहीत.

२००९ मध्ये ड्राफ्ट टीव्हीवर दाखवत होते. न्यू जर्सीतल्या त्या स्टुडिओत येऊन बसलेला खेळाडू एकच होता. सतरा वर्षांचा माइक ट्राउट, राहणार त्याच राज्यातल्या मिलव्हिलचा. तिकडे वसंतातही थंडी. खेळाचे दिवस कमी, त्यामुळे पाहणारेही कमी. एकेक करून चोवीस नावं झाली, पोरगा बसून. पंचविसावं नाव त्याचं आलं. एंजल्सचा स्काउट ग्रेग मोरहार्ट हा ट्राउटच्या वडिलांबरोबर मायनर लीगमध्ये खेळला होता. त्याला ते घराणं माहीत होतं. त्याच संघानं चोविसाव्या पाळीला मात्र दुसरंच नाव घेतलं होतं! ट्राउट पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मग म्हणीचं काय? २४ जुलै २०१६ रोजी कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये दोघांचा एकत्र गौरव झाला. एक केन ग्रिफी ज्युनियर, १९८७ च्या ड्राफ्टमधलं पहिलं नाव. ड्राफ्टमध्ये पहिला आलेला खेळाडू हॉल ऑफ फेममध्ये पोहोचायला २०१६ साल उजाडावं लागलं. तो मान ग्रिफीचा. दुसरा माइक पियाझा, १९८८ मधलं बासष्टाव्या फेरीतलं १,३९० वं नाव. त्याच्यात कुणाला काही दिसलं नव्हतं. डॉजर्सचे व्यवस्थापक टॉमी लसॉर्डा हे वडिलांचे मित्र, त्यांच्या शब्दाखातर नाव घेतलं गेलं. आपण याला सरळ वशिला म्हणू. पण त्या वशिल्यामुळे पियाझाला वेळ मिळाला. तो कॅचर व्हायला शिकला, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या संघाच्या शाळेत जाऊन राबला. अखेरीस कॅचर म्हणून ३९६ होमरन मारून त्यानं विक्रम केला.

म्हणजे पाळण्यातले पाय दिसतात, कधी लख्ख, कधी अंधुक. पण ते पाय चालायला शिकतात ते पाळण्याबाहेर. तिथे कुणी बोट धरलं, किती दिवस धरलं, हे नोंदवहीत लिहिलेलं नसतं.

आता कॅमेरे चेंडूची फिरकीसुद्धा मोजतात. ड्राफ्ट २०२१ पासून वीस फेऱ्यांवर आला आहे. सगळे संघ मिळून सहाशेच्या आसपास नावं. त्याच वर्षी मायनर लीगमधले चाळीसएक संघही यादीतून कमी केले, उरले एकशेवीस. नेम अधिक अचूक झाला, म्हणून पसारा आवरला, असा हा हिशेब. असेलही बरोबर. पण १,३९० वा क्रमांक आता त्या वहीत येणार नाही. तिथे ज्याचं नाव आलं असतं तो मुलगा आज कुठल्या मैदानावर खेळतोय, आणि त्याचं बोट धरायला कुणी आहे का, हे आता कोणती वही सांगणार?