तेलाच्या नॅनो-थेंबातून औषध त्वचेत कसं शिरतं? कॉम्प्युटर सिम्युलेशन समजून घेऊया

सांधेदुखीच्या डायक्लोफेनॅक जेलची ट्यूब घरात असेल तर तिच्यावरचे घटक वाचा. भारतात मिळणाऱ्या अशा बऱ्याच जेलमध्ये 'ओलियम लिनी' लिहिलेलं असतं. म्हणजे आपलं जवसाचं तेल! आता वनस्पती तेलांचे नॅनो-थेंब करून त्यात औषध भरण्यावर संशोधन चालू आहे, आणि असे थेंब कॉम्प्युटरवरही तपासले जातात. ते कसं, हे मी या लेखात सांगतो.

अडचण कुठे आहे?

त्वचेचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर साधारण १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो. पेशी विटांसारख्या, आणि मधल्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लांचं 'सिमेंट'. ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू इथून सहसा आत जात नाहीत. डायक्लोफेनॅक सुमारे २९६ डाल्टनचं, म्हणून जमतं. इन्सुलिन सुमारे ५,८०० डाल्टनचं, ते बाहेरच अडतं.

तेल काय करतं?

तेलात विरघळणारं औषध थेंबाच्या पोटात राहतं. थेंब पाण्यात टिकावा म्हणून भोवती सोयाबीनच्या लेसिथिनसारखा थर देतात. शिवाय शेंगदाणा, ऑलिव्ह अशा तेलांपासून मिळणाऱ्या ओलेइक आम्लाच्या रेणूला मधोमध बाक असतो. 'सिमेंट'मधल्या सरळ साखळ्यांत तो नीट बसत नाही, रचना सैल होते आणि औषधाला वाट मिळते.

सिम्युलेशन कसं चालतं?

या पद्धतीचं नाव मॉलिक्युलर डायनॅमिक्स. प्रत्येक अणू म्हणजे एक गोळी, बंध म्हणजे स्प्रिंग. कोण कोणाला किती ओढतंय ते मोजायचं, न्यूटनच्या नियमाने गोळ्या किंचित हलवायच्या, पुन्हा मोजायचं. एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं. म्हणजे एका मायक्रोसेकंदासाठी ५० कोटी पावलं! माझ्या हिशेबाने १०० नॅनोमीटरच्या तेलाच्या थेंबात ५ कोटींच्या आसपास अणू भरतात. म्हणून 'मार्टिनी' मॉडेलमध्ये हायड्रोजन सोडून साधारण चार-चार अणूंचा एक मणी करतात. यासाठीचं ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

काय कळतं, काय नाही?

औषध थेंबाच्या मध्यात बसतं की कडेला येऊन गळतं, कोणतं तेल 'सिमेंट' जास्त सैल करतं, रेणूला कोणत्या खोलीवर सगळ्यात जास्त ऊर्जा लागते, हे कळतं. दहा तेलांतून दोन निवडायला एवढं पुरतं.

पण सिम्युलेशन बहुतेक वेळा मायक्रोसेकंदांचं असतं, आणि औषध त्वचेतून जायला तास लागतात. केसांची मुळं, घाम, पुरळ, ॲलर्जी यातलं काहीच त्या छोट्याशा मॉडेलमध्ये नसतं. त्यासाठी फ्रान्झ सेल नावाच्या उपकरणात त्वचेच्या तुकड्यातून किती औषध पार झालं ते मोजावं लागतं, आणि मग माणसांवरच्या चाचण्या.

तेव्हा 'कॉम्प्युटरवर सिद्ध झालेलं नॅनो हर्बल तेल' अशी जाहिरात दिसली तर एकच विचारा: खऱ्या त्वचेतून किती तासांत किती औषध गेलं? आकडा मिळाला तरच पुढचं बोलणं.