लोहारकाम : भात्याजवळची विद्या

बारा बलुतेदारांपैकी लोहार हा शेतीशी थेट जोडलेला कारागीर. फाळ, विळे व कुऱ्हाडी घडविणे, बोथटलेली औते शेवटून देणे आणि बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापलेली लोखंडी धाव चढविणे ही त्याची पारंपरिक कामे होत. पाण्याने निवताच धाव आकसते आणि चाक घट्ट आवळते.

ही विद्या पुस्तकातून शिकविली गेली नाही. मूल आधी भात्यावर बसे. वारा कमी पडला तर लोखंड तापत नाही; अती तापले तर ठिणग्या उडून जळते व तुकडा वाया जातो. पुढची पायरी घणाची. कारागीर सांडशीत तुकडा धरून लहान हातोड्याने जागा दाखवितो आणि घण नेमका तिथेच पडावा लागतो. भटक्या घिसाडी समाजात हा घण बहुधा स्त्रियाच चालवितात, हे आवर्जून नोंदवावयास हवे.

खरी कसोटी 'पाणी देण्या'ची. लालबुंद पोलाद पाण्यात बुडविले की ते कठीण, पण ठिसूळ होते. म्हणून ते घासून पुन्हा मंद तापवितात. सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला पृष्ठभागावर फिकट पिवळा रंग येतो, पुढे जांभळा व ३०० अंशांच्या आसपास निळा. धारेच्या पात्याला पिवळा, तर घाव सोसणाऱ्या छिन्नीला जांभळा रंग मानवतो. तापलेल्या लोखंडाच्या लालीची छटा ओळखता यावी म्हणून भट्टीची जागा अंधारी असते. नवख्यांना प्रात्यक्षिक दाखविताना लोहचुंबक उपयोगी पडते : सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. साध्या गजाच्या लोखंडावर मात्र हे पाणी चढत नाही. मोटारीच्या कमानपाट्यावर उत्तम चढते.

किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ मध्ये आला; पुढे ट्रॅक्टर व कारखानी अवजारांनी गावच्या भट्टीचे काम घटविले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन व अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साह्य तीत मिळते. तथापि ही योजना आधीपासून व्यवसायात असलेल्यांसाठी आहे. नव्याने शिकू पाहणाऱ्याला अजूनही एखादा चालता भाताच शोधावा लागतो.