देवगिरीचा राजाश्रय, तुल्यभावना आणि मोठ्या मूळ संख्यांची कसोटी

दौलताबाद म्हटले की अभेद्य दुर्ग, चांदमिनार व मुहम्मद तुघलकाचे राजधानी-स्थलांतर यांचेच स्मरण होते. तुघलकाने १३२७ मध्ये हे नाव देण्यापूर्वी हे नगर देवगिरी होते आणि यादवांच्या या राजधानीचा गणितविद्येशी निकटचा संबंध होता. तो संबंध व त्याची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील शके ११२८ चा शिलालेख या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जैत्रपाल यादवाने भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना दरबारी सन्मान दिला. नातू चांगदेव हे सिंघणाचे प्रमुख ज्योतिषी होते. चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला आणि यादवांचे मांडलिक निकुंभ यांनी त्यास दान दिले, असे हा लेख सांगतो.

या ग्रंथांपैकी ‘बीजगणित’ात वर्गप्रकृतीचे विवेचन आहे. त्यातील भावनेचा नियम मूळचा ब्रह्मगुप्ताचा (इ. स. ६२८). प्रकृती ३ घेतली असता कनिष्ठ मूळ १ व ज्येष्ठ मूळ २ येते. कारण १ च्या वर्गाची तिप्पट अधिक १ म्हणजे २ चा वर्ग. हीच जोडी स्वतःशी जोडली, म्हणजे तुल्यभावना केली, की ४ व ७, आणि पुन्हा केली की ५६ व ९७ मिळतात. ज्येष्ठ मुळांची दुप्पट अनुक्रमे ४, १४, १९४ होते. येथे प्रत्येक पद मागील पदाच्या वर्गातून २ वजा करून येते.

हीच श्रेढी लूका-लेहमर कसोटीचा आधार आहे. फ्रेंच गणिती लूका याने १८७६ मध्ये २ चा १२७ वा घात उणे १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखविले. लेहमरने १९३० मध्ये कसोटीला सुटसुटीत रूप दिले. घातांक विषम मूळ संख्या असेल, तर त्याहून एकाने कमी क्रमांकाच्या पदास ती संख्या निःशेष भागते की नाही, एवढेच पाहावयाचे. २ चा ५ वा घात उणे १ म्हणजे ३१. श्रेढीचे चौथे पद ३७,६३४ हे ३१ च्या १,२१४ पट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, तोपर्यंतची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या (२ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १) ४,१०,२४,३२० अंकी आहे. तिची खातरजमाही याच कसोटीने झाली.

तथापि यावरून भास्कराचार्यांना ही कसोटी ज्ञात होती, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांनी भावना वापरली ती अनिश्चित समीकरणांच्या उकलीसाठी. लूका या कसोटीकडे वळला तो फिबोनाचीसारख्या श्रेढींच्या अभ्यासातून. साम्य बीजगणिताचे आहे, वारशाचे नव्हे. देवगिरीचे खरे श्रेय अध्ययनाची परंपरा राजाश्रयाने टिकविण्यात आहे. ते शिलालेखाने सिद्ध असल्याने त्यास अतिशयोक्तीची गरज नाही.