हा कामगार विमेदार आहे काय? पिंपरी-चिंचवड ते चाकण : एका प्रश्नाची सत्तर वर्षे

२४ फेब्रुवारी १९५२. कानपूरचे ब्रिजेंद्र स्वरूप पार्क. सुमारे सत्तर हजारांच्या जनसमुदायासमोर पंतप्रधान पंडित नेहरू यांनी कर्मचारी राज्य विमा योजनेचे उद्घाटन केले. त्या योजनेचे पहिले मानद विमेदार म्हणून त्यांचेच नाव नोंदले गेले. त्यासाठी त्यांनी एक घोषणापत्र भरून त्याखाली सही केली. तो कागद विमा महामंडळाने आजही जपून ठेवला आहे.

कानपूर आणि दिल्ली मिळून त्या दिवशी १ लाख २० हजार कामगार विम्याच्या छत्राखाली आले. स्वतंत्र भारतातील कामगारांच्या आरोग्यविम्याचा आरंभ असा एका भरलेल्या फॉर्मने झाला. पुढील सत्तर वर्षांचा इतिहासही बव्हंशी फॉर्मचाच आहे.

आरोग्यविम्यात तीन पक्ष असतात. उपचार करणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि या दोघांच्या मध्ये उभा असलेला आजारी माणूस तिसरा. उपचार करणाऱ्याला आधी हे कळावे लागते की समोरचा माणूस विमेदार आहे काय. पैसे देणाऱ्याला नंतर हे कळावे लागते की उपचार कोणता झाला आणि किती दिवस. या दोन प्रश्नांची उत्तरे इकडून तिकडे नेण्याची व्यवस्था म्हणजे विम्याचे प्रशासन. ती व्यवस्था अडखळली की तिची किंमत आजारी माणूस मोजतो, आणि तीही बहुधा रात्रपाळीनंतर, दवाखान्याच्या खिडकीसमोर.

योजनेचा मूळ आराखडा स्वातंत्र्यापूर्वीचा आहे. मार्च १९४३ मध्ये भारत सरकारने औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अभ्यास करण्यासाठी प्रा. बी. पी. अडारकर यांची नेमणूक केली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. अडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला.

कारभाराची रीत मात्र बरीचशी इंग्लंडची होती. तेथे लॉइड जॉर्ज यांनी १९११ मध्ये राष्ट्रीय विमा कायदा आणला होता. मालकाने कामगाराच्या कार्डावर दर आठवड्याला तिकीट चिकटवायचे. तिकिटांनी भरलेले कार्ड हाच वर्गणी भरल्याचा पुरावा. कामगाराने यादीतला डॉक्टर निवडायचा. त्या डॉक्टरकडे प्रत्येक रुग्णाच्या नावाचे एक लहानसे पाकीट असायचे आणि त्यात आजारांच्या नोंदी. ही पाकिटे ब्रिटनमध्ये एकविसाव्या शतकापर्यंत ‘लॉइड जॉर्ज’ याच नावाने ओळखली जात होती. भारतीय योजनेनेही आरंभी वर्गणीची कार्डे आणि तिकिटे घेतली. १९५४ मध्ये योजना मुंबईत आली तेव्हा पॅनेल डॉक्टर आणि त्यांच्याकडची नोंदीची पाकिटे हीही ओघाने आली.

एक गोष्ट मात्र खास भारतीय होती. विमा केंद्राच्या महामंडळाकडे राहिला, तर दवाखाने आणि रुग्णालये चालवण्याचे काम राज्य सरकारांकडे गेले. उपचाराच्या खर्चाचे सात वाटे महामंडळाने आणि एक वाटा राज्याने उचलायचा, असे ठरले. वर्गणीची वही एका सरकारकडे आणि केसपेपर दुसऱ्या सरकारकडे. या दोन दप्तरांना जोडणारा दुवा म्हणजे स्वतः कामगार आणि त्याच्या खिशातला कागद.

याच काळात पुण्याच्या वायव्येला एक नवे जग आकार घेत होते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. टेल्को, बजाज आणि त्यांच्या आधाराने वाढलेले शेकडो लहान कारखाने पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या माळरानावर उभे राहिले. १९७० मध्ये या चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय हे याच कारखानदारीचे अपत्य.

या कारखान्यांतल्या टाइम ऑफिसमध्ये विम्याचे पंचांग वेगळेच चाले. एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा एक काळ, ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा. पहिल्या काळात भरलेल्या वर्गणीचा लाभ मिळायचा तो पुढील जानेवारी ते जूनमध्ये. दुसऱ्याचा जुलै ते डिसेंबरमध्ये. दोहोंच्या मध्ये तीन महिन्यांची फट होती. या फटीचे व्यावहारिक कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. वर्गणीचा काळ संपल्यावर मालकाला विवरणपत्र पाठवण्यासाठी ४२ दिवसांची मुदत होती. ते पोहोचले की महामंडळाच्या कचेरीत कारकून प्रत्येक कामगाराचे दिवस आणि रुपये खतावणीत उतरवणार, मग त्याचा हक्क ठरणार. कागद कारखान्यातून कचेरीत जाऊन पोटात मुरायला जो वेळ लागतो, तो जणू नियमातच कोरून ठेवला होता. आज वर्गणी दर महिन्याला संगणकावर भरली जाते, तरी ते जुने पंचांग हलले नाही. इतिहासात असे घडते: यंत्र बदलते, पण जुन्या यंत्राच्या संथपणासाठी केलेला नियम मागे उरतो.

आजारपणाच्या रजेतील पैसे मिळण्यासाठी सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागे. ती असेल तर सरासरी रोजाच्या सत्तर टक्के रक्कम, ९१ दिवसांपर्यंत. औषधोपचाराचा हक्क मात्र नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. अडचण इतकीच की दवाखान्यातल्या माणसाला तो पहिला दिवस दिसत नसे. म्हणून कामगाराने कारखान्यातून ‘हा इसम आमच्याकडे कामावर आहे’ असा दाखला आणायचा. टाइम ऑफिसचा बाबू रजेवर असेल तर दुसऱ्या दिवशी यायचे. मुलाचा ताप काही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. मग खासगी डॉक्टरकडे पदरचे पैसे. वर्गणी कापली गेलेली असते, हक्कही असतो, फक्त त्याचा पुरावा त्या वेळी त्या खिडकीपाशी नसतो.

याच पट्ट्यात पुढे एक फाटा फुटला, आणि त्याला कारण ठरली वेतनमर्यादा. आरंभी महिना ४०० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठीच ही योजना होती. मर्यादा वाढत गेली: १९९७ मध्ये ६,५००, २००६ मध्ये १०,०००, २०१० मध्ये १५,००० आणि २०१७ पासून २१,००० रुपये. पण मोठ्या कारखान्यांतील संघटित, कायम कामगारांचे पगार करारागणिक त्याहून वेगाने वाढले. ते योजनेबाहेर पडले आणि कंपनीने काढलेल्या सामूहिक मेडिक्लेममध्ये गेले. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये आणलेले मेडिक्लेम तोवर मध्यमवर्गाच्या परिचयाचे झाले होते. योजनेत उरले ते लहान कारखान्यांतले आणि ठेकेदाराकडचे कामगार. एकाच फाटकातून आत जाणाऱ्या दोन माणसांच्या खिशात दोन निराळी कार्डे आली आणि त्या कार्डांमागची दप्तरे एकमेकांना अनोळखी राहिली.

मेडिक्लेमच्या जगाला २००१ मध्ये नवा मध्यस्थ मिळाला. विमा नियामकाने त्रयस्थ प्रशासकांसाठी नियम केले आणि ‘टीपीए’ हा शब्द रुग्णालयांच्या तळमजल्यावर रूढ झाला. रुग्णालयाने पूर्वपरवानगीचा अर्ज फॅक्सने पाठवायचा, टीपीएने शंका काढायची, रुग्णालयाने उत्तर द्यायचे, मग मंजुरी. फॅक्सची जागा पुढे ईमेलने घेतली, ईमेलची पोर्टलने. पण प्रत्येक कंपनीचे पोर्टल वेगळे, त्यातले रकाने वेगळे, पासवर्ड वेगळा. रुग्णालयातला तोच कारकून तीच माहिती वेगवेगळ्या साच्यांत पुन्हा पुन्हा भरू लागला. संगणक आला खरा, पण काम हातानेच चालले होते. नियामकाने २०१३ मध्ये पूर्वपरवानगीचा आणि दाव्याचा अर्ज सर्वांसाठी एकसारखा केला. कागदावरचा साचा एक झाला. यंत्रांची भाषा व्हायची बाकी होती.

हा गुंता केवळ इथलाच नव्हे. अमेरिकेत विम्याच्या दाव्यांचे सुमारे चारशे निरनिराळे साचे प्रचलित होते, असे तेथील आरोग्य खात्याचेच म्हणणे होते. १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याने सर्वांना एकाच प्रमाणित साच्यात देवाणघेवाण करायला लावली. तो कायदा आज रुग्णाच्या गोपनीयतेसाठी प्रसिद्ध आहे. कारकुनी सुटसुटीत करणे हाही त्याचा एक मूळ हेतू होता, हे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

दरम्यान महाराष्ट्र शासनाने तिसरी वाट धरली. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती पुण्यासह उर्वरित महाराष्ट्रात पोहोचली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. पूर्वपरवानगी आणि दावा दोन्ही आरंभापासून ऑनलाइन, आणि रुग्णालयात कागदपत्रे पाहायला ‘आरोग्यमित्र’. पात्रतेचा पुरावा मात्र उसना घेतला होता, अन्नपुरवठा खात्याकडून: पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका. गावाकडच्या कुटुंबासाठी हे सोयीचे होते. बिहार-उत्तर प्रदेशातून चाकणला आलेल्या तरुणाच्या पेटीत महाराष्ट्राची शिधापत्रिका कोठून असणार?

चाकण तोवर बदलून गेले होते. बजाजचा कारखाना तेथे १९९९ मध्ये आला, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये, महिंद्राचाही त्याच सुमारास. त्याच वर्षांत कर्मचारी विमा महामंडळाने ‘पंचदीप’ हा संगणकीकरणाचा मोठा प्रकल्प हाती घेतला. पहचान, मिलाप, धन्वंतरी, पाशन, प्रगती असे त्याचे पाच दीप होते. त्यातील ‘पहचान’ कामगारांच्या हाती प्रत्यक्ष आली: बोटांच्या ठशांसह दोन स्मार्ट कार्डे, एक कामगाराचे आणि एक कुटुंबाचे. दोन कार्डे ही कल्पना ज्याने मांडली त्याला स्थलांतर समजले असावे. कमावता माणूस भोसरीत आणि बायको-मुले लातूर-उस्मानाबादकडे, हे चित्र इथे घरोघरी होते. दहा आकडी विमा क्रमांक आता जन्मभरासाठी एकच राहणार होता. मालकाने ऑनलाइन वर्गणी भरली की देशात कोठेही पडद्यावर हक्क दिसणार होता.

पण पडदा तेवढेच दाखवतो जेवढे त्याला सांगितले गेले आहे. पूर्वी ‘कामावर आहे’ हे टाइम ऑफिसचा बाबू सांगे, आता ठेकेदाराने पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरलेली नोंद सांगते. ठेकेदाराने कपात करूनही भरणा केला नाही, किंवा ठेका बदलताना कामगाराला जुना क्रमांक न विचारता नवाच काढला, तर त्याची आधीची वर्गणी एका क्रमांकावर आणि तो स्वतः दुसऱ्या क्रमांकावर अशी फारकत होते. बाबूशी निदान हुज्जत घालता येत होती. पडद्याशी घालता येत नाही.

१९४८ च्या कायद्याने मात्र हा प्रसंग ओळखला होता. त्याच्या ४० व्या कलमाने ठेकेदाराच्या माणसांचीही वर्गणी प्रथम भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती. ६८ वे कलम तर याहून धीट होते: मालकाने वर्गणी बुडवल्यामुळे कामगाराचा लाभ हुकत असेल, तर महामंडळाने तो लाभ कामगाराला द्यावा आणि वसुली मालकाकडून करावी, अशी मुभा त्यात होती. म्हणजे हक्क नोकरीने निर्माण होतो, नोंद ही त्याची केवळ खूण. तिकिटे आणि कार्डांच्या युगात लिहिलेला हा विचार संगणकाच्या पडद्यावर उतरताना मात्र उलटा झाला. तेथे नोंद नसली की हक्कही दिसेनासा होतो.

खासगी विम्याच्या बाजूने अलीकडे वेग आला आहे. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने दाव्यांच्या देवाणघेवाणीसाठी एक सामाईक मार्ग उभारला आणि २०२३ मध्ये नियामकाने विमा कंपन्यांना त्याच्याशी जोडून घेण्यास सांगितले. रुग्णालयाने एकाच साच्यात संदेश पाठवायचा. पात्रता, पूर्वपरवानगी, दावा आणि भरण्याची सूचना या साऱ्यांची ये-जा त्याच वाटेने. दावा मंजूर करायचा की नाही हे तो मार्ग ठरवत नाही. टपालखात्यासारखा तो फक्त पत्र पोहोचवतो. मे २०२४ मध्ये नियामकाने मुदतीही घालून दिल्या: विनारोकड उपचाराच्या विनंतीवर एका तासात निर्णय, आणि घरी सोडण्याची अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर झाला आणि रुग्णालयाने त्यापायी जादा आकारणी केली, तर ती कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायची.

चाकणच्या फाटकातून आत जाणाऱ्या त्या दोन माणसांपैकी मेडिक्लेमचे कार्ड असलेल्याला आता घड्याळ मिळाले आहे. ठेकेदाराकडच्या दुसऱ्याला अजूनही आधी महिन्याची १५ तारीख पाहावी लागते, आणि मग पुणे-नाशिक रस्त्याच्या कोंडीतून मोहननगर गाठावे लागते.