गावदप्तर आणि संगणकीय सारणी : नोंदींच्या क्रमाचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

संगणकाच्या आज्ञावलीत ‘असोसिएटिव्ह ॲरे’ या नावाची एक रचना सर्वत्र वापरली जाते. तीत प्रत्येक मूल्याला एक किल्ली जोडलेली असते आणि किल्ली सांगितली की मूल्य मिळते. मात्र सर्व मूल्ये ओळीने वाचावयाची झाल्यास ती कोणत्या क्रमाने यावीत, या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या भाषांनी निरनिराळे दिले आहे. हा प्रश्न केवळ संगणकशास्त्राचा मानला जातो. वस्तुतः महाराष्ट्राच्या महसूल प्रशासनाने तो संगणकापूर्वी कित्येक दशके कागदावर हाताळला होता. ठाणे जिल्ह्यातील बदलापूर पूर्वेकडील खरवई या गावाच्या निमित्ताने या दोन परंपरांचा एकत्रित विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

किल्ली कशी घडली?

मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची नवी पद्धत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात आकारास आणली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला निश्चित स्वरूप मिळाले. या पद्धतीने प्रत्येक शेताला एक क्रमांक दिला. शेताची ओळख कसणाऱ्याच्या नावावरून न ठरता सर्व्हे नंबरावरून ठरू लागली. माणसे बदलली तरी किल्ली कायम राहिली, हे या व्यवस्थेचे सामर्थ्य होय.

परंतु एकटा सर्व्हे नंबर पुरेसा नाही. बारा नंबरचे शेत गावोगावी असू शकते. म्हणून जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा मिळून ही किल्ली पूर्ण होते. खरवईच्या परिसराची गणना एकोणिसाव्या शतकात कल्याण तालुक्यात होत असे. आज तो अंबरनाथ तालुक्यात आहे. जमीन जागची हलली नाही, पण तिच्या किल्लीचा एक घटक बदलला. जुना कागद शोधणाऱ्यास हा बदल ठाऊक नसेल तर दप्तर असूनही नोंद सापडत नाही.

एका माहितीचे अनेक क्रम

मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेखाची स्वतंत्र तरतूद झाली. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि १९७१ चे अधिकार अभिलेखविषयक नियम यांनी आजची चौकट घातली. या चौकटीतील तीन नमुने येथे महत्त्वाचे आहेत.

गाव नमुना सात हा जमिनीनुसार असतो. पिकांच्या नोंदीचा नमुना बारा त्याला जोडून आल्याने ‘सातबारा’ हा शब्द रूढ झाला. गाव नमुना आठ-अ खातेदारानुसार असतो; एका खात्यावरील सर्व जमिनी त्यात एकत्र दिसतात. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. तीत नोंदी ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने लिहिल्या जातात व त्यांना चढता क्रमांक मिळतो.

अशा रीतीने एकाच माहितीकडे जमिनीच्या, माणसाच्या आणि काळाच्या क्रमाने पाहण्याची सोय झाली. एका वहीवर तिन्ही क्रमांचा भार टाकण्यात आला नाही. शिवाय हस्तलिखित सातबारावर नावाजवळ फेरफार क्रमांक लिहिला जाई आणि हक्क संपलेले नाव खोडून न टाकता कंसात घातले जाई. त्यामुळे आजच्या स्थितीवरून मागच्या घटनाक्रमाकडे जाता येत असे.

संगणकीय सारणीतील क्रम

संगणकात किल्लीवरून जागा काढण्याचे ‘हॅशिंग’ हे तंत्र १९५३ मध्ये आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी मांडले. या तंत्रात शोध जलद होतो, पण नोंदी कोणत्या क्रमाने आल्या याची आठवण आपोआप राहत नाही. पर्ल भाषेने असा क्रम कधीच मान्य केला नाही. २०१२ च्या गो भाषेत तर क्रमावर कोणी विसंबू नये म्हणून वाचनाचा क्रम हेतुतः अनिश्चित ठेवण्यात आला. जावाने १९९८ मध्ये किल्लीनुसार क्रम लावणारी आणि २००२ मध्ये आगमनाचा क्रम जपणारी, अशा वेगळ्या रचना दिल्या. पीएचपीची सारणी आगमनक्रम राखते. पायथन भाषेत २०१६ च्या आवृत्तीत हा गुण अंतर्गत रचनेमुळे आला आणि २०१८ मध्ये तो भाषेचा नियम झाला.

आगमनक्रम राखणाऱ्या या सारण्यांत एक सूक्ष्म भेद आहे. असलेल्या किल्लीचे मूल्य बदलल्यास तिचे स्थान कायम राहते. किल्ली काढून पुन्हा घातल्यास ती शेवटी जाते. दोन्ही कृतींनंतर मूल्य सारखेच दिसते, इतिहास मात्र निराळा होतो. कंसातील नावाने कागदावर जे साधले होते, ते येथे मुद्दाम साधावे लागते.

क्रम लावण्यातील चुका

किल्लीनुसार क्रम लावतानाही सावधगिरी हवी. उदाहरणादाखल १२/१, १२/२ आणि १२/१० हे हिस्से घेऊ. संगणकाने त्यांना अक्षरमाला मानल्यास १२/१० हा हिस्सा १२/२ च्या आधी येतो. आकड्यांचा क्रम हवा असल्यास किल्लीचे भाग वेगळे करून त्यांची संख्या म्हणून तुलना करावी लागते.

नावांचेही तसेच आहे. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र त्याचे स्थान ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. म्हणून मराठी क्रमाने कावळे, कासार, काळे अशी येणारी आडनावे निव्वळ संकेतांकांच्या क्रमाने काळे, कावळे, कासार अशी लागतात. मराठीचा वर्णक्रम आज्ञावलीत स्पष्टपणे सांगितल्याविना यादी मराठी होत नाही.

क्रमाचे महत्त्व

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. शेतीचे गाव असलेल्या खरवईसारख्या ठिकाणी औद्योगिक वसाहत आणि उपनगरी वस्ती आल्यावर विक्री, वारस, वाटणी व बोजा यांचे फेरफार एकावर एक साचत जातात. संहितेच्या कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. फेरफारामुळे मालकी निर्माण होत नाही, हेही न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. तथापि हक्क कसा आला हे दाखविताना वारसाची नोंद विक्रीच्या आधीची की नंतरची, हे सांगणारा क्रमच उपयोगी पडतो. अशा वेळी क्रम हरवल्यास सामान्य खातेदाराच्या हातातील पुरावा दुबळा होतो.

निष्कर्ष

सारणीला स्वतःचा असा एकच नैसर्गिक क्रम नसतो. तो कोणीतरी ठरवावा लागतो. महसुली दप्तराने हा निर्णय स्वतंत्र नमुने व चढते क्रमांक यांतून उघडपणे नोंदविला. आज्ञावली लिहिणाऱ्यानेही तेच करावयास हवे. जेथे क्रमाला अर्थ आहे तेथे तो सारणीच्या अंतर्गत सवयीवर न सोडता फेरफार क्रमांकाप्रमाणे मूल्याचाच भाग म्हणून साठविणे इष्ट. भाषेची आवृत्ती बदलली किंवा माहिती एका प्रणालीतून दुसरीत गेली, तरी असा लिहिलेला क्रम टिकतो. महाविद्यालयांत इतिहास व संगणकशास्त्र हे विभाग वेगळे असले, तरी गावदप्तराचे नमुने हा दोहोंच्या एकत्रित अध्यापनाचा उत्तम विषय ठरू शकेल.